मामांचा पीसी आणि दसऱ्याचा मुहूर्त



गेल्या काही भागांनंतर जे मेसेज आले, त्यात एक प्रश्न सारखा येतोय. "फोटो एडिट करताना पीसी हँग होतो. जुना आहे. नवीन घेऊ, की यातच काही बसवू?" कुणी सोबत प्रोसेसरचं नाव पाठवतंय, कुणी नुसतंच "बजेट ६० हजार, सांगा काय घेऊ" असं. मी एकेकाला उत्तर देत बसलो असतो, पण ऑक्टोबरमध्ये हाच प्रश्न आमच्या घरातून आला आणि त्यात मी तोंडावर पडता पडता वाचलो. खरं तर पडलोच थोडासा. म्हणून आज तेच सांगतो.

माझे मामा बार्शीत फोटो स्टुडिओ चालवतात. लग्न, साखरपुडा, डोहाळजेवण, पासपोर्ट फोटो, सगळं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी नवा कॅमेरा घेतला, ३३ मेगापिक्सेलचा. पीसी मात्र २०१४ चा. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, २ टीबीची फिरती हार्डडिस्क. दसऱ्याच्या आठवडाभर आधी त्यांचा फोन: "आरं, दसऱ्याच्या मुहूर्तावर नवा कंप्युटर घ्यायचाय. दुकानदारानं ९२ हजार सांगितलेत, मॉनिटर सोडून. तू येतोस का बघायला? तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू होतोय, मग मला वेळ न्हाई."

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. घरच्यांच्या लेखी बीटेक म्हणजे प्रिंटरपासून टीव्हीच्या रिमोटपर्यंत सगळं दुरुस्त करणारा माणूस. पुण्याहून बसमध्ये बसल्या बसल्या मी फोनवर पार्ट्सची यादीच करून टाकली. नवा रायझन, ३२ जीबी रॅम, बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड. दुकानदारापेक्षा भारी आणि स्वस्त. जुन्या मशीनकडे बघायचंसुद्धा माझ्या डोक्यात नव्हतं.

स्टुडिओत पोचलो तर कॅबिनेटला झेंडूची माळ. आदल्या दिवशी खंडेनवमी झालेली. दोन्ही कॅमेरे, फ्लॅश, लेन्स आणि हा पीसी, सगळ्यांना हळदीकुंकू लागलेलं. मामांना म्हटलं, "चला दुकानात." तर म्हणाले, "थांब जरा, एका गिऱ्हाइकाचे चार फोटो द्यायचेत." आणि ते कामाला बसले. मी मागे खुर्ची ओढून बसलो, आणि पुढचा सव्वा तास तसाच बसून राहिलो. कारण चार फोटोंना सव्वा तास लागला.

तेवढ्या वेळात मी फोनचा स्टॉपवॉच चालू केला. मशीन सुरू होऊन लाइटरूम उघडेपर्यंत साडेसहा मिनिटं. एका फोटोवरून पुढच्या फोटोवर गेलं की चित्र स्पष्ट व्हायला सात-आठ सेकंद. मामा तेवढ्यात खिडकीबाहेर बघायचे. सवयच लागलेली. स्लायडर हलवला की बदल दिसायला दीड-दोन सेकंद. लाइटरूममधून फोटोशॉपमध्ये फोटो न्यायचा तर मामी चहा टाकून यायच्या, इतका वेळ.

म्हटलं, बघू तरी हा अडकतोय कुठे. टास्क मॅनेजर उघडला. विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की येतो. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे पीसी आहे त्यांनी आज हे एक करा: नेहमीसारखं एडिटिंग चालू ठेवा आणि शेजारी ही खिडकी उघडी ठेवा. मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटर. मामांच्या स्क्रीनवर काय दिसत होतं? प्रोसेसर २५-३० टक्के. म्हणजे तो निवांत बसलेला. मेमरी ८ पैकी साडेसात जीबी भरलेली. आणि डिस्क १०० टक्के. सतत. लाल.

म्हणजे ज्या प्रोसेसरला सगळे "जुनी जनरेशन, जुनी जनरेशन" म्हणून नावं ठेवत होते, तो बिचारा वाट बघत बसला होता.

असं का होतं ते सांगतो. स्वयंपाकघरातला ओटा म्हणजे रॅम आणि माळा म्हणजे हार्डडिस्क. ओटा छोटा असेल तर परात खाली ठेवायला जागा नाही. मग कणकेचा डबा माळ्यावर टाका, कुकर खाली घ्या, परत कणीक लागली की कुकर वर आणि डबा खाली. स्वयंपाक करणारा कितीही चपळ असो, त्याचा वेळ शिडीवर चढण्यात जातो. रॅम भरली की विंडोज हेच करतं, हाताशी नको असलेला डेटा डिस्कवर टाकतं. आणि मामांच्या पीसीत विंडोज, लाइटरूमचा कॅटलॉग, प्रिव्ह्यू आणि सगळे फोटो, सगळं त्या एकाच डिस्कवर. एकच शिडी, चार जण चढतायत.

त्यात ही डिस्क फिरणारी. मिनिटाला ७,२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला आठ मिलिसेकंदांहून थोडं जास्त. सुई योग्य जागी जायची, मग तो भाग फिरून तिच्याखाली यायचा, तेव्हा कुठे वाचन. त्यामुळे इकडेतिकडे विखुरलेले छोटे छोटे तुकडे वाचायचे म्हटलं तर सेकंदाला शंभर-सव्वाशे. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, ती असे हजारो तुकडे उचलते. आणि लाइटरूमचं काम असंच विखुरलेलं असतं.

मग नव्या कॅमेऱ्यानंतरच त्रास का वाढला? जुना कॅमेरा १८ मेगापिक्सेलचा, रॉ फाइल २५ एमबीच्या आत. नव्याची ४० च्या घरात. लग्नात तीन हजार फोटो धरा, १२० जीबी. मशीन तेच, ओझं जवळपास दुप्पट.

तर निदान झालं. एसएसडी आणि रॅम. मी खूश. मामांना म्हटलं, "तुमचे ८० हजार वाचवले मी." आणि इथेच माझी हुशारी संपली.

संध्याकाळी मामा सोनं वाटायला बाहेर गेले. म्हणजे आपट्याची पानं हो, नाहीतर म्हणाल भाचा एवढ्या श्रीमंत घरचा! मी म्हटलं, एसएसडी बसवण्याआधी जुनी डिस्क नीट तपासून घेऊ. एक टूल टाकलं आणि पूर्ण डिस्कचा सरफेस स्कॅन लावला. अर्ध्या तासाने कॅबिनेटमधून आवाज यायला लागला. टक. टक टक. टक.

ज्यांनी हा आवाज ऐकलाय त्यांना आत्ता पोटात काय झालं असेल ते मला माहीत आहे.

स्कॅन थांबवला. मग डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट उघडला, जो मी सगळ्यात आधी उघडायला हवा होता. तो बघायला दोन सेकंद लागतात, आणि त्याने डिस्कवर काही ताण येत नाही. डिस्क स्वतःच नोंद ठेवत असते की किती जागा खराब झाल्या, किती वाचता येत नाहीयेत. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट टूल आहे, त्यात निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध. इथे पिवळा. "पेंडिंग सेक्टर" म्हणून एक ओळ असते, तिथे शून्य हवं. शून्य नव्हतं.

आणि त्या डिस्कवर होते नऊ वर्षांचे फोटो. १.६ टीबी. दुसरी प्रत? मामा परत आले तेव्हा विचारलं. म्हणाले, "डीव्हीडी हायत की, २०१८ पर्यंतच्या." त्यानंतरचं? "गिऱ्हाइकाला पेनड्राइव्ह देतो ना आपण." म्हणजे बॅकअप होता, पण तो गिऱ्हाइकांच्या कपाटात.

जुनी लग्नं एक वेळ ठीक, त्यांचे अल्बम पोचलेत. पण पाच लग्नांचे अल्बम बाकी होते. तुम्हाला वाटेल, ऑक्टोबरमध्ये मे-जूनच्या लग्नांचे अल्बम बाकी कसे? अहो, लोक फोटो निवडूनच देत नाहीत! नवरा-नवरी म्हणतात दोनशे निवडायचेत, तीन महिने झाले तरी यादी येत नाही. मामा फोन करून थकतात. आणि मेमरी कार्ड तर कधीच फॉरमॅट करून पुढच्या कामाला लागलेली. त्या पाच लग्नांचे फोटो जगात एकाच ठिकाणी होते, त्या टकटकणाऱ्या डिस्कवर.

रात्री नऊला आम्ही ९२ हजारवाल्याच दुकानात गेलो, दसरा असल्यामुळे उघडं होतं. पण घेऊन आलो ४ टीबीची बाहेरून लावायची डिस्क. ती पुढच्या पोर्टला लावली नाही, मागच्या निळ्याला लावली. पुढचे पोर्ट यूएसबी २ होते, त्यावर रात्र पुरली नसती.

इथे एक नीट लक्षात ठेवा, कारण घाबरलेला माणूस नेमकं उलटं करतो. डिस्क मरायला टेकली असेल तर सगळं एकदम सिलेक्ट करून कॉपी लावायचं नाही. जे सगळ्यात महत्त्वाचं ते आधी, आणि फोल्डर फोल्डर करून. एका फोल्डरमध्ये अडकलं तर तिथे हट्ट करत बसायचं नाही. सोडायचं, पुढे जायचं, शेवटी परत यायचं. आम्ही आधी ती पाच लग्नं घेतली. मग कॅटलॉग आणि प्रिव्ह्यू. मग अलीकडून जुन्याकडे. आणि एक फोटोसुद्धा दुसरीकडे नसता तर मी डिस्कला हात न लावता डेटा रिकव्हरीवाल्याकडे जा म्हटलं असतं, पण त्याचा खर्च नव्या पीसीच्या जवळ जाऊ शकतो आणि खात्री कुणीच देत नाही.

चार लग्नं आली. पाचव्यातल्या हळदीच्या फोल्डरवर गाडी थांबली. ते सोडून पुढे गेलो. मामा झोपले नाहीत. मामी मध्ये दोनदा येऊन "झालं का रे?" विचारून गेल्या. सकाळी साडेदहापर्यंत सगळं आलं. हळदीचं फोल्डर तीन वेळा प्रयत्न करून आलं, चौदा फाइल सोडून.

त्या चौदा फाइल माझ्या स्कॅनमुळे गेल्या की आधीच गेल्या होत्या, हे मला आजही माहीत नाही. मामांनी एका शब्दाने विचारलं नाही. त्यामुळे जास्त लागलं.

मग एक गोष्ट आठवली. लाइटरूम प्रत्येक फोटोचा प्रिव्ह्यू, म्हणजे एक जेपेग प्रत, वेगळ्या फोल्डरमध्ये साठवत असतो. मूळ फाइल गेली तरी ती राहू शकते. पूर्ण आकाराचे प्रिव्ह्यू जुने झाले की तो सेटिंगप्रमाणे पुसून टाकतो, त्यामुळे ते नव्हते. पण साध्या आकाराचे, १,६८० पिक्सेल रुंदीचे, चौदापैकी अकरा सापडले. १,६८० पिक्सेल म्हणजे ३०० डीपीआयने छापलं तर साडेपाच इंच. पानभर छापता येत नाहीत, कोपऱ्यात चौकटीत बसतात. मामांनी अल्बमची मांडणी तशी केली. उरलेले तीन गेलेच.

दुसऱ्या दिवशी सोलापूरला जाऊन सामान आणलं. १ टीबीची साटा एसएसडी ५,६०० ला. डीडीआर-३ रॅमच्या ८-८ जीबीच्या दोन कांड्या, सेकंडहँड, दोन हजारात. या मदरबोर्डला रॅमच्या दोनच खाचा आणि कमाल १६ जीबी, म्हणजे जुन्या दोन्ही काढून नव्या दोन. घ्यायच्या आधी हे बघाच, नाहीतर कांडी घरी आणून कळतं की जागाच नाही. यूपीएसची बॅटरी मेलेली होती, ती ११०० ला. लाइट गेली की पीसी धाडकन बंद व्हायचा, वर्षानुवर्षं. डिस्कच्या तब्येतीला हे काही चांगलं नाही. प्रोसेसरवर लावायची पेस्ट २५० ला. ४ टीबीची डिस्क साडेदहा हजारांची होती. बेरीज १९,४५०. यातली निम्म्याहून जास्त रक्कम वेग वाढवायला गेलीच नाही, ती त्या बॅकअप डिस्कची आहे. मला विचाराल तर तीच सगळ्यात चांगली खर्च झाली.

कॅबिनेट उघडलं तर आत अकरा वर्षांची बार्शी. पंख्यावर धुळीची गोधडी. ब्लोअर मारला, पेस्ट बदलली. आणि एक गंमत सापडली. या बोर्डवर चार साटा पोर्ट, दोन वेगवान आणि दोन त्याच्या निम्म्या वेगाचे. एका वेगवान पोर्टला हार्डडिस्क होती आणि दुसऱ्याला डीव्हीडी रायटर! हायवेची एक लेन बैलगाडीला दिलेली. ती काढून तिथे एसएसडी लावली. विंडोज, लाइटरूम, कॅटलॉग आणि चालू कामाचे फोटो सगळे एसएसडीवर. जुनी लग्नं बाहेरच्या डिस्कवर.

आता निकाल, स्टॉपवॉचप्रमाणे. सुरू होऊन लाइटरूम उघडायला साडेसहा मिनिटांऐवजी पाऊण मिनिट. पुढचा फोटो स्पष्ट व्हायला सात-आठ सेकंदांऐवजी दीड-दोन. मामा म्हणाले, "आता बाहेर बघायला वेळच मिळंना की."

पण एक्स्पोर्ट? ९०० फोटोंचं जेपेग करायला आधी ५२ मिनिटं लागायची, आता ४५. बस, एवढंच. मामा हिरमुसले. पण ते काम प्रोसेसरचं आहे. तिथे टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर १०० टक्के दिसतो आणि डिस्क निवांत. चार कोअर ते चारच कोअर. फरक इतका की एक्स्पोर्ट लावून जेवायला जाता येतं. पुढचा फोटो दिसायची वाट बघताना जेवायला जाता येत नाही.

आणि एआय डीनॉइज तर सोडूनच द्या. संगीतच्या कार्यक्रमात अंधारात काढलेले फोटो साफ करायचं ते लाइटरूमचं फीचर, २०२३ मध्ये आलेलं. त्याला ग्राफिक्स कार्ड लागतं. मामांच्या पीसीत नाही. "मग कार्ड बसव की," ते म्हणाले. पण कार्डाला जास्त वीज लागते, म्हणजे एसएमपीएस बदला. आतला एसएमपीएस अकरा वर्षांचा, कुठल्या कंपनीचा ते त्यालाही आठवत नसेल. मग कार्ड लांबीला कॅबिनेटात बसेना. असं करत करत माणूस जुन्या मशीनवर ४० हजार घालतो आणि प्रोसेसर जुनाच राहतो. मी तिथे थांबलो. अल्बमला लागणारे वीस-पंचवीस फोटो मामा मला पाठवतात, मी माझ्या लॅपटॉपवर करून देतो. रात्रीच्या जेवणाच्या बदल्यात, पुढच्या भेटीत.

लॅपटॉपवाल्यांसाठी एक वाक्य: बऱ्याच नव्या, पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच चिकटवलेली असते, आणि ॲपलच्या एम-वन किंवा पुढच्या मॅकमध्ये तर नंतर वाढवताच येत नाही. तुम्हाला जो निर्णय घ्यायचाय तो विकत घेतानाच घ्यावा लागतो.

अजून एक, ज्याने मला चकित केलं. मामांची कायम तक्रार असायची, लॅबमधून प्रिंट काळपट येतात. लॅबवाल्याशी भांडणंही झालेली. मी मॉनिटरची ब्राइटनेस बघितली तर १०० वर. एवढ्या उजेडात फोटो छान दिसतो, म्हणून मामा तो कमीच उजळ ठेवायचे, आणि कागदाला काही मागून दिवा नसतो. चांगल्या आलेल्या एका प्रिंटशेजारी तोच फोटो स्क्रीनवर ठेवून ब्राइटनेस खाली आणली. जवळपास निम्मी झाली. शून्य रुपये. त्यात तो मॉनिटर स्वस्तातला टीएन पॅनलचा, मान हलवली की रंग बदलतो. उद्या मामांनी पैसे काढले तर मी आधी चांगला आयपीएस मॉनिटर घ्यायला लावीन, पीसी नंतर.

कारण पीसी लागणार आहेच. हे मी मामांपासून लपवलेलं नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आमच्या या उद्योगानंतर दहा-बारा दिवसांनी. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. ही चौथी. नोंदणी केली तर सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, ती मी करून दिली. म्हणजे १९,४५० रुपयांत मामांनी पीसी नाही घेतला, एक सीझन घेतला. हा सीझन जुन्यावर कमवायचा आणि मग रोखीने नवा घ्यायचा, हप्त्यावर नाही.

इथे मी थोडा फसलोय, तेही सांगतो. बसमध्ये केलेली ती यादी मी काल परत उघडली. रॅमची किंमत दुपटीच्या वर गेलीय. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी लागतेय आणि आपल्यासारख्यांसाठी टंचाई. म्हणजे दसऱ्याला घेतला असता तर रॅम स्वस्तात पडली असती. मामांना सांगितलं. म्हणाले, "आन् ते फोटो कुठं असते रं? नवा आला असता तर जुना कंप्युटर मी त्याच दिवशी एक्स्चेंजमध्ये दिला असता, त्या डिस्कसकट." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हळदीवाल्यांकडे मामा स्वतः गेले. तीन फोटो गेलेत, अकरा लहान आकारात आहेत, चूक आमची आहे, असं सांगून आले आणि एक मोठी फ्रेम फुकट देऊन आले. मी म्हटलं, सांगितलं नसतं तरी त्यांना कळलं नसतं, तीन हजारांतले तीन. ते काही बोलले नाहीत. त्या तीन फोटोंत कोण होतं, हे त्यांनाही आठवत नाही, मामांनाही नाही.

आता कार्ड दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय फॉरमॅट होत नाही. पहिल्या लग्नाच्या ॲडव्हान्समधून मामांनी आणखी एक डिस्क घेतली, ती स्टुडिओत नाही, घरी असते, मामींच्या ताब्यात. मामींनी ती साड्यांच्या कपाटात ठेवलीय. जुनी टकटकणारी डिस्क स्टुडिओच्या खणात आहे, वर मामांच्या अक्षरात मार्करने लिहिलंय: "खराब. टाकू नये."

चला, तुमचे टास्क मॅनेजरचे स्क्रीनशॉट पाठवा. आणि त्याच्या आधी त्या स्मार्ट रिपोर्टचा.